आडवी रेघ

कडोदरा
दिनांक - ३ डिसेंबर २०२५
तापमान - २९

कुंदन,

पार्सल आज स्पीड पोस्टाने निघालं. आत हातमोज्यांच्या वीस जोड्या आहेत. आतून लोकर, वरून कोटिंग केलेलं नायलॉन. शिवले आहेत इथल्याच, कडोदऱ्याच्या एका युनिटने. कापड आमच्याकडे पलसाण्याला तयार झालं आणि त्याची चाचणी मी केली, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. तुझ्या मालकांनी विचारलं तर लॉट नंबर प्रत्येक जोडीत चिठ्ठीवर आहे आणि अहवालावर माझी सही आहे.

चाचणी म्हणजे नेमकं काय करता, असं तू विचारलं होतंस. कापड एकाच जागी शंभर वेळा दुमडायचं आणि मग त्यावर पाण्याचा दाब द्यायचा. कोटिंगच्या थराला तडा गेला असेल तर पाणी पलीकडे येतं. हे ठरावीक तापमानात करावं लागतं. आमची लॅब कायम सत्तावीसवर असते. या लॉटच्या कागदावर वीस मागितलं होतं, युरोपातल्या पद्धतीत असतं तसं. तेव्हा हे कापड कशासाठी आहे ते मला माहीत नव्हतं. लॅबला ते कुणी सांगत नाही. मी दोन दिवस दार बंद ठेवून, एसी चालवून खोली वीसवर आणली. लॅबप्रमुख किरणभाई त्यावरून कुरकुरले. कापड पास झालं. एक थेंबही पलीकडे आला नाही.

तू एम्ब्रॉयडरीचं मशीन सोडून गेलास त्याला येत्या मार्चमध्ये एक वर्ष होईल. मी तेव्हा विरोध केला होता. तो मुद्दा पुन्हा काढत नाही. तू जे करतोस त्याला मी ट्रेक म्हणते, आई डोंगर म्हणते, आबा काहीच म्हणत नाहीत. शेजारचे लोटूअण्णा विचारतात तेव्हा ते "हिमाचलला आहे" एवढं सांगतात आणि लूमवर निघून जातात.

तुमच्या गावातला टॉवर बर्फात बंद पडला की पत्राशिवाय मार्ग नाही. म्हणून दोन गोष्टी पाळ. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात तारीख आणि तापमान लिही, मी वर लिहिलंय तसं. आणि "मी मजेत आहे" असं लिहू नकोस. त्यावरून काहीच कळत नाही.

हर्षदा

•

छुमरंग
दिनांक - १६ डिसेंबर २०२५
तापमान - १८

ताई,

हुकमाप्रमाणे कोपरा भरला आहे. हा सकाळी सहाचा आकडा. घरमालकीण अंगमो काकींच्या खिडकीबाहेर थर्मामीटर टांगलाय, तो वाचायला मी नाक बाहेर काढतो आणि लगेच आत घेतो. काकी म्हणतात, खरी थंडी अजून यायची आहे.

पार्सल काल आलं. बसवाल्याने ते टपावरून सरळ बर्फात टाकलं. मी ओरडलो, तर म्हणतो, हातमोजेच आहेत ना, त्यांना थंडीची सवय होऊ दे. मालकांनी एक जोडी घालून बादलीत हात बुडवला. कोरडा निघाला. मग सगळ्यांना दाखवत फिरले, की याची बहीण सुरतला कापड तपासते, तिच्या सहीशिवाय तिथे कापड बाहेर पडत नाही. मी म्हटलं, तसंच आहे. थोडं वाढवून सांगितलं, माफ कर. एका जोडीतली तुझी चिठ्ठी काढून मी माझ्या टोपीच्या आत ठेवली आहे.

इथे हिवाळ्यात चालायचं म्हणजे सगळं उलटं शिकावं लागतं. जो हळू चालतो तो शहाणा. भराभर चाललं की घाम येतो, थांबलं की तोच घाम गार होऊन अंगातली ऊब काढून घेतो. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ वरून धरतो. उलटी ठेवली की बुचाकडचं पाणी मोकळं राहतं. टॉर्चचे सेल पायमोज्यात घालून झोपायचं. आणि दर अर्ध्या तासाला एकमेकांची नाकं बघायची, कुणाचं पांढरं पडलंय का. आपलं आपल्याला कळत नाही. जे बधिर झालं ते दुखत नाही ना.

आता मुद्द्याचं. २४ जानेवारीला सहा जणांचा गट इथून निघतोय आणि पहिल्यांदाच पुढे मी असणार. गोठलेल्या नदीच्या कडेने दोन दिवस, मग खिंड, मग पलीकडचं गाव. चार दिवस. मालक म्हणाले, हा गट नीट नेलास तर पुढच्या वर्षीपासून तू पक्का. गटात एक आपले सुरतचे काका आहेत, रिंगरोडला साड्यांचं दुकान. त्यांनी फोनवर तीनदा विचारलं, खाखरा गोठतो का. सहाही जणांना तुझेच हातमोजे देणार आहे.

तातडीचं काही असलं तर काझ्यात छेरिंगच्या दुकानात फोन कर, नंबर मागे लिहिलाय. तो वर येणाऱ्याच्या हाती निरोप देतो. चार-पाच दिवसांनी पोचतो, पण पोचतो.

आईला हे वाचून दाखव. थोडं गाळून.

कुंदन

•

कडोदरा
दिनांक - ३० डिसेंबर २०२५
तापमान - २६

कुंदन,

तुझं पत्र काल मिळालं. आईला वाचून दाखवलं. कोपऱ्यातला आकडा ऐकून ती म्हणाली, "अठरा? मंग आठे बी रातले तितलीच शे." तिला बरं वाटलं. तिने तो आकडा इथल्यासारखा घेतला. मी दुरुस्त केला नाही.

हातमोज्यांच्या कापडाची एक चाचणी बाकी आहे. ती होईपर्यंत ते वापरू नकोस. गटालाही देऊ नकोस. दुसरी सोय कर. मालकांना कारण सांगण्याची गरज नाही.

हे पत्र मिळाल्याची पोच लगेच पाठव.

हर्षदा

•

छुमरंग
दिनांक - १० जानेवारी २०२६
तापमान - २२

ताई,

पत्र काल मिळालं. ही पोच. अक्षर वाकडं आलं असेल तर पेन गोठलंय असं समज.

"एक चाचणी बाकी आहे." वाचून मी हसलो. मागच्या वर्षी काय म्हणाली होतीस आठवतं? "कंपनीची एक चौकशी बाकी आहे, तोवर थांब." मी सव्वा महिना थांबलो. चौकशी कुठली, तू एक फोनसुद्धा केला नव्हतास. आईने रडून सांगितलं असेल आणि तू ते तुझ्या भाषेत लिहून पाठवलं असशील. आईचं रडणं तुझ्याकडून आलं की त्याला शिक्का लागतो.

दुसरी सोय कर म्हणतेस. कुठून करू? गट दोन आठवड्यांवर आलाय, रस्ता दोनदा बंद झालाय. आणि मालकांना कारण सांगू नको म्हणतेस. ज्या जोड्या बादलीत बुडवून त्यांनी गावभर दाखवल्या, त्या मी का परत ठेवल्या म्हणून सांगू? बहिणीला वाटलं म्हणून?

तुझ्या अहवालाबद्दल आमची काहीच तक्रार नाही. फक्त चिठ्ठीवर एक ओळ हवी होती, की शेगडीजवळ वाळत घालू नका. लोकांना कळत नाही.

आईला सांग, सगळं ठीक आहे. मजेत आहे असं लिहायची बंदी आहे म्हणून ठीक लिहिलं.

कुंदन

•

कडोदरा
१९ जानेवारी २०२६
तापमान सत्तावीस, शून्याच्या वर

कुंदन,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. हे पत्र तुला २४ तारखेच्या आत मिळणार नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण जे फोनवरून निरोपात दिलं त्याची नीट नोंद हवी.

तुझ्या १६ डिसेंबरच्या पत्राच्या कोपऱ्यात "तापमान - १८" असं होतं. ते उणे अठरा आहे हे मला कळत होतं. पण माझ्या पत्राच्या कोपऱ्यातही "तापमान - २९" होतं, आणि ते उणे एकोणतीस नव्हतं. दोन्ही कागद मी शेजारी ठेवले. रेघ सारखीच. तुझी रेघ आकड्याची होती, माझी शब्दाची. मग मला तिसरा कागद आठवला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन मी त्या लॉटची फाइल काढली. चाचणीचं तापमान, पुढे आडवी रेघ, पुढे वीस. मी ते वीस वाचलं होतं, कारण आमच्या शिक्षणात वीस हा आकडा आहे, पाठ केलेला आहे. उणे वीस हा आकडा आमच्या लॅबमध्ये कधी आलेलाच नाही. आमच्याकडचं कापड रेनकोटला जातं, स्कूटरच्या कव्हरला जातं. त्याला कुणी बर्फात नेत नाही. मी त्या रेघेला मोजपट्टी लावली. ती शब्दापासून चार मिलिमीटरवर आहे आणि वीसला चिकटलेली आहे. नीट पाहणाऱ्याला दिसली असती. मला एसी लावून वीसवर आणल्याचं कौतुक वाटत होतं.

आता हे वाच. ३० डिसेंबरला तुला पत्र लिहायच्या आधी, सकाळीच, मी त्या कापडाचा तुकडा घेऊन हायवेवरच्या गोपालभाईंच्या आइस्क्रीमच्या दुकानात गेले. त्यांचा डीप फ्रीजर उणे अठरा दाखवतो. त्यांनी कुल्फीच्या डब्यांमध्ये जागा करून दिली आणि विचारलं, "बेन, कपडानी कुल्फी बनावो छो?" चार तासांनी तुकडा काढला आणि हातातच दुमडला. सहाव्या वेळी आवाज आला. नवव्या वेळी थर सोलून निघाला. शंभरपर्यंत जायची गरज पडली नाही.

म्हणजे मी "एक चाचणी बाकी आहे" लिहिलं तेव्हा ती झालेली होती. बाकी काहीच नव्हतं. मी तसं लिहिलं, कारण तसं लिहिलं की कुणाची चूक आहे ते सांगावं लागत नाही. तू न विचारता ऐकशील असं मी धरलं. मागच्या वर्षीची चौकशीही खोटी होती, तू म्हणतोस ते बरोबर आहे.

किरणभाईंना मी ३१ तारखेला फाइल दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "कागळमां तो वीस ज लख्युं छे ने, बेन?" मग म्हणाले, शिवणाऱ्यांना मी कळवतो, तू मध्ये पडू नकोस. मी मध्ये पडले नाही. त्यांनी कळवलं का, हे आज विचारलं. नाही कळवलं. १९ दिवस गेले. यातल्या कुठल्याही दिवशी छेरिंगच्या दुकानात फोन करता आला असता. केला नाही.

आज तुझं पत्र वाचून दोन गोष्टी दिसल्या. अक्षर पेन गोठल्यासारखं नाही. पेन गोठलं की शाई तुटते. तुझी शाई सलग आहे, अक्षरं डावीकडे झुकलेली आहेत. दुसरी गोष्ट, शेगडीजवळ वाळत घालू नका असं तू का लिहिलंस? कुणाचे हातमोजे तडकले? तुझे?

तुझा फोन बंदच आहे. चार वाजता छेरिंगला फोन लागला. मी हिंदीत सांगितलं, कुंदनला सांगा, ते हातमोजे घालू नको. ते हसले. म्हणाले, हातमोजे न घालता इथे काय करणार? मी फोन ठेवला आणि पाच मिनिटांनी पुन्हा केला. म्हटलं, तातडीचं आहे. ते चांगल्या आवाजात म्हणाले, "सबकी बहनें यही बोलती हैं, बेटी. बोल दूँगा." त्या आवाजावरून मला कळलं की ते सांगतील आणि तूही असाच हसशील.

तिसऱ्यांदा केला. या वेळी लिहून घ्या म्हटलं. ते कागद शोधायला गेले. मी म्हटलं, "कागज़ पर माइनस बीस लिखा था. मैंने माइनस नहीं पढ़ा. गलती मेरी है, हर्षदा की."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग सगळं परत वाचून दाखवलं, एकेक शब्द. बरोबर लिहिलं होतं. रस्ता वर बंद आहे, बर्फ काढणारं मशीन बावीसला निघेल, त्याच्या ड्रायव्हरकडे देतो म्हणाले. तेविसाला पोचेल, कदाचित चोविसाला. पोचेलच असं म्हणाले नाहीत.

तुझ्या मालकांच्या मनालीच्या ऑफिसात सात वेळा फोन केला. कुणी उचलत नाही. हिवाळ्यात बंद असतं असं ध्वनिमुद्रित उत्तर येतं.

कुंदन, मला त्या खिंडीतला आकडा माहीत नाही. तू लिहिला नाहीस आणि मी विचारला नाही. आई आत्ता स्वयंपाकघरात आहे. तुझ्या या पत्रातला बावीस ऐकून ती म्हणाली, थंडी कमी झाली वाटतं.

हर्षदा

•

काझा
३० जानेवारी २०२६
तापमान उणे पंधरा. उणे अक्षरात लिहिलंय, बघ.

ताई,

तुझं १९ तारखेचं पत्र आज इथल्या पोस्टात हातात पडलं. वाचलं. मग छेरिंगच्या दुकानात बसून पुन्हा वाचलं. त्याने चहा दिला आणि म्हणाला, तेरी बहन का हिसाब पक्का है, तीन बार फ़ोन किया.

आधी महत्त्वाचं. गट परत आला. सहा जण गेले होते, साठ बोटं खाली आणली, मी एकेकाची मोजून घेतली. खिंड केली नाही. ते पुढे सांगतो.

आता जे मी लपवलं ते. ७ जानेवारीला मी आणि अंगमो काकींचा भाऊ वाट तपासायला नदीच्या कडेने थोडं पुढे गेलो होतो. वारा होता. दुपारी काठी पकडताना उजव्या हातमोज्याला, अंगठा आणि तळव्याच्या मध्ये, पांढरी रेघ दिसली. मला वाटलं, बर्फ चिकटलाय. झटकला तर रेघेतून आतली लोकर दिसली. वाऱ्याबरोबर पिठासारखा बर्फ आत जात राहिला. मी आदल्या दिवशी ते हातमोजे शेगडीजवळ वाळत घातले होते, म्हणून म्हटलं, माझाच गाढवपणा. तिथून गाव तीन तासांवर. पोचलो तेव्हा तर्जनी आणि मधलं बोट मेणासारखं झालं होतं, वाजवलं तर टकटक वाजेल असं. दुखत अजिबात नव्हतं. दुखलं ते नंतर, कोमट पाण्यात घातल्यावर. ते लिहीत नाही.

तुझं अक्षराचं निदान बरोबर आहे. ते पत्र डाव्या हाताने लिहिलं होतं. हेही.

एक गोष्ट मला झोपू देत नाही. ९ तारखेला तुझं "एक चाचणी बाकी आहे" हे पत्र आलं तेव्हा माझी दोन बोटं सुजून जांभळी होती. हातमोजा तडकलेला समोर होता. पत्र मी डाव्या हातात धरलं होतं, आणि तरी मी दोन्ही एकत्र लावून पाहिलं नाही. उरलेल्या जोड्या गटाला द्यायच्या हे पक्कंच होतं. कारण टोपीत तुझी चिठ्ठी होती. तू सही केली म्हणजे कापड चुकणार नाही, मग चुकलं असेल ते माझ्याच हातून. हे मी आपल्या हाताकडे बघून ठरवलं, ताई. आणि तुला कळवलं नाही, कारण तुझ्या अहवालावर कुणी बोट ठेवायला नको.

तेवीसला संध्याकाळी बर्फ काढणारं मशीन वर आलं. गट त्याच्या मागोमागच पोचला होता, सगळे काकींच्या घरी शेगडीभोवती बसले होते, सुरतचे काका सगळ्यांना खाखरे वाटत होते. गोठत नाहीत, हे सिद्ध झालंय. ड्रायव्हर दारात उभा राहून ओरडला, कुंदन कौन है? मी हात वर केला. त्याने चिठ्ठी काढून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. "मैंने माइनस नहीं पढ़ा. गलती मेरी है, हर्षदा की." सगळे हसले. त्यांना वाटलं, घरचा काहीतरी विनोद आहे.

मी हसलो नाही. "हे करू नको" तू मला चालायला लागल्यापासून सांगत आली आहेस. "मी चुकले" हे मी तुझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. दहावीला तू माझा फॉर्म चुकवला होतास, तेव्हासुद्धा तू म्हणालीस, फॉर्मची रचना सदोष आहे. म्हणून तो ड्रायव्हर वाचत होता तेव्हा मला कळलं, हे खरं आहे आणि हे वाईट आहे.

सहाच्या सहा जोड्या मी बाहेर भिंतीवर ठेवल्या. सकाळी उणे सव्वीस होतं. गटाला बाहेर बोलावलं आणि त्यांच्यासमोर एकेक जोडी दुमडली. पापड मोडल्यासारखा आवाज येत होता. चौथ्या जोडीनंतर कुणी हसत नव्हतं. काकांनी एक उचलून आतलं लेबल वाचलं आणि हळूच विचारलं, "आपणा सुरतनो माल छे?" मी म्हटलं, होय, आणि चूकही सुरतनेच कळवली आहे. त्यांनी ती जोडी आपल्या पिशवीत ठेवली. का ते विचारलं नाही.

दिवसभर मी गावात फिरलो. अकरा घरांतून लोकरीचे जाड हातमोजे मिळाले, दोन जोड्या एकावर एक घालता येतील असे. एक दिवस उशिरा निघालो. त्या हातमोज्यांना वारा लागतो, म्हणून नदीच्या कडेने पायथ्यापर्यंत नेलं आणि तिथून परत फिरवलं. मालक अजून माझ्याशी बोलत नाहीत. पक्कं करायचं काय, ते मी विचारलं नाही.

इथले डॉक्टर म्हणतात, मधलं बोट वाचेल. तर्जनीचं टोक काळं पडलंय. कापायची घाई करायची नाही म्हणाले. महिना-दोन महिन्यांत बोटावर आपोआप एक रेघ उमटते. तिच्या अलीकडचं जिवंत, पलीकडचं नाही. ती कुठे उमटेल ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही. तोवर रोज पट्टी बदलायची आणि थांबायचं.

आईला हे सगळं वाचून दाखव. या वेळी न गाळता. मला ते लिहायला दीड तास लागलाय.

कुंदन

•

कडोदरा
९ फेब्रुवारी २०२६
तापमान अठ्ठावीस, शून्याच्या वर

कुंदन,

पत्र मिळालं. न गाळता वाचून दाखवलं. आईला आधी उणे म्हणजे काय ते सांगावं लागलं. म्हटलं, पाण्याचा बर्फ होतो तिथे शून्य असतं. आपण त्याच्या वर अठ्ठावीस पायऱ्यांवर आहोत, तो खाली पंधरावर आहे, आणि आधी बावीसवर होता. तिने बोटांवर मोजलं. मग मला विचारलं, "तुले पहिलापासून ठाऊक व्हतं?"

मी हो म्हटलं.

दोन दिवस तिने माझ्याशी बोलणं टाकलं. डबा भरून ओट्यावर ठेवायची आणि आत जायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, काझ्याचा तो दुकानवाला कोण आहे, त्याला फोन लाव. ती त्यांच्याशी अहिराणीत बोलली आणि ते हिंदीत. बारा मिनिटं. दोघांनाही सगळं कळलं असं दोघं म्हणाले.

आबांनी कोणतं बोट एवढंच विचारलं. सांगितलं. तुटलेला धागा जोडताना ते ज्या बोटाने गाठ दाबतात, तेच. त्यांनी ते दोन-तीनदा उघडलं-मिटलं. मग म्हणाले, "त्याले घर ये आसं लिखू नको. बरा होय, इतलंच लिख."

मी दुरुस्त अहवाल तयार केला आणि स्वतः कडोदऱ्याच्या युनिटला नेऊन दिला. त्या लॉटचे हातमोजे आणखी दोन ठिकाणी गेले होते. दोन्हीकडे माझ्यासमोर फोन झाले. एका ठिकाणचे अजून पेटीतच होते, दुसऱ्या ठिकाणचे परत येत आहेत. तिथे कुणाला इजा झालेली नाही, मी प्रत्येकाला विचारलं. अहवालात "कागदातील संदिग्धतेमुळे" असं लिहा, हे किरणभाईंनी सुचवलं. मी "तपासनिसाच्या वाचण्यातील चुकीमुळे" असं लिहिलं आणि खाली सही केली. सध्या मला सहीचे अधिकार नाहीत. नमुने कापून देते. लॅबच्या फॉर्मवर तापमानाच्या रकान्यात आता दोन चौकोन छापले आहेत, अधिक आणि उणे. एकावर खूण केल्याशिवाय काम सुरू होत नाही. ते मी करून घेतलं.

तुझ्या टोपीतली चिठ्ठी काढून टाक.

पट्टी बदलताना बोटाचा रंग, सूज आणि स्पर्श कळतो का, हे रोज एका वहीत लिही. कमी करून लिहू नकोस. मीही लिहिणार नाही. आणि रेघ दिसायला लागली की ती नखापासून किती मिलिमीटरवर आहे ते दर आठवड्याला कळव. सोबत छोटी मोजपट्टी पाठवली आहे. आकड्याच्या आधी काही चिन्ह असेल तर ते शब्दांत लिही, नसेल तर नाही असंही लिही.

ही रेघ मी नीट वाचेन.

हर्षदा